कुलूपबंद घरांची फेरी : कामाच्या नोंदी

12 मार्च 2023

शिमग्याला आलेली मंडळी आज गेली. पालखी घरोघर फिरून झाली की आमची वाडी दोन दिवसांत रिकामी होते. 28 उंबरे, त्यातली बारमाही चूल पेटते ती 9 घरं. बाकी सगळीकडे कुलपं, ती मे महिन्यात किंवा थेट गणपतीला उघडणार.

डोंबिवलीच्या काकूंनी निघताना नेहमीसारखी किल्ली हातात दिली. "जरा लक्ष असू दे गं." हे "जरा लक्ष" मी लग्न होऊन आल्यापासून ठेवते आहे, फुकट. या वेळी म्हटलं, काकू, लक्ष ठेवीन पण रीतसर ठेवीन. महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून वारा देईन, झाडलोट करीन, माळ्यापर्यंत बघीन आणि फोटो पाठवीन. महिन्याचे 300. काकूंनी काकांकडे बघितलं. काका हिशेबी माणूस. म्हणाले, "वर्षाचे 3600. गेल्या साली वाळवीने एक चौकट खाल्ली तिला 12,000 गेले. लिही आमचं नाव."

शेजारचे ठाणेवाले म्हणाले, विचार करून सांगतो. एसटी सुटायच्या आत किल्ली आणून दिली.

भांडवल म्हणाल तर केरसुणी, कोयता, बॅटरी, ह्यांची जुनी स्कूटर आणि माझा फोन. विकत आणलं ते फक्त एक रजिस्टर, शृंगारतळीच्या बाजारातून.

3 एप्रिल 2023

पहिली रीतसर फेरी. नुसतं "बघून आले" म्हणायचं नाही, म्हणून क्रम ठरवला. आधी घराला बाहेरून वळसा: गडगा, पन्हळ, कौलांवर पडलेल्या झावळ्या, भिंतीच्या पायाशी मुंग्या-वाळवी. मग दार. दार उघडलं की लगेच आत शिरायचं नाही, उंबऱ्यात उभं राहून वास घ्यायचा. कुबट वास आला तर कुठेतरी ओल आहे. उग्र वास आला तर माळ्यावर वटवाघळं आहेत, नाहीतर कपाटामागे उंदीर मेलाय. बॅटरी लावून जे दिसत नाही ते नाकाला कळतं.

ठाणेवाल्यांच्या माजघरात भालीखाली (आडव्या तुळईखाली) मातीची बारीक नळी सापडली, पेन्सिलीएवढी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालपासून वाजवत गेले. गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोकळ आवाज, वर भरीव. नळी मोडून बघितली तर आत पांढरी जिवंत वाळवी. मोडण्याआधी फोटो, मोडल्यावर फोटो. अशी नळी करणारी वाळवी मातीतूनच वर येते, तेव्हा वरवर पुसून उपयोग नाही, पायाशी औषध घालावं लागणार. तसं कळवलं.

कळवायलाही सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं. वाडीत फोन लागतो पण फोटो जात नाहीत. जांभ्याच्या कातळावर टाकीपाशी उभं राहिलं की सगळे एकदम सुटतात. तिथे संध्याकाळी वाडीतली निम्मी पोरं बसलेली असतात, आता त्यांत मी.

21 एप्रिल 2023

किल्ल्या वाढल्या. चार घरं झाली, पुढच्या आठवड्यात पाचवं. किल्ल्यांना पत्र्याच्या चकत्या लावल्या, त्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कोणाचा ते रजिस्टरात, आणि रजिस्टर किल्ल्यांच्या डब्याजवळ ठेवायचं नाही. मालकाचं नाव लिहिलेली किल्ली वाटेत पडली तर सापडणाऱ्याला घरच दाखवते.

कुलपांचं एक. खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप दोन पावसाळे काढलं तर नशीब. पितळी घ्या म्हणून सगळ्यांना सांगते. आणि कुलपात खोबरेल घालायची आपल्याकडची सवय वाईट आहे. ते धूळ धरून चिकट होतं, थंडीत थिजतं आणि किल्ली अर्ध्यात अडकते. मी शिलाई मशीनचं तेल घालते.

8 मे 2023

शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं उतरवून, तपासून, साफ करून परत लावणं, चालू. आबा (खालच्या वाडीतले, सत्तरी उलटलेले) आणि त्यांचा पुतण्या. आबांना 700 रोज, पुतण्याला 600. मी खाली उभी राहून कौलं देते-घेते आणि शिकते.

कौलावर चढायचं ते दव सुकल्यावर, अनवाणी. पाय द्यायचा तो कौलाच्या मध्यावर नाही, जिथे खाली रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) आहे तिथे, आणि जमेल तितकं वाशाच्या रेषेत. मध्यावर भार पडला तर कौल तडकतं, आवाजही होत नाही, आणि मग जूनमध्ये थेट बिछान्यावर कळतं. आबा प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारतात. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर बाजूला. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. मंगलोरी कौलाला खोबणी असते, तिच्यात माती, पानं, शेवाळ साचलं की पाणी उलटं आत चढतं. त्यामुळे निम्मं काम म्हणजे ब्रशने खोबण्या साफ करणं. लोक म्हणतात कौल फुटलं म्हणून गळतं. आबा म्हणतात, दहांत सहा वेळा कौल शाबूत असतं, खोबणी भरलेली असते.

आजच ताडपत्र्या आणायला गेले होते. दुकानदार हळूच म्हणाला, "ताई, सगळं इथून न्या, तुमचे 10 टक्के बाजूला ठेवतो." मी म्हटलं, ते बिलातूनच कमी करा. तो हसला, मला खुळी समजला असणार. पण माझा हिशेब सरळ आहे. गळती मी शोधणार, गळती आहे हे मीच सांगणार, आणि गळतीच्या सामानावर मीच गुपचूप पैसे खाणार, तर मुंबईत बसलेल्या माणसाने माझ्या फोटोवर विश्वास का ठेवावा? मजुरी आणि सामान पावतीप्रमाणे, त्यावर माझी देखरेख 10 टक्के, बिलावर उघड लिहिलेली. ज्याला जास्त वाटते त्याने आपला माणूस लावावा, मी फक्त फेरी मारीन.

11 जून 2023

वेधशाळेने आज मान्सून रत्नागिरीत पोचल्याचं सांगितलं. बिपरजॉय वादळ अजून समुद्रातच आहे, इतके दिवस इथे नुसत्याच लाटा. वेळ मिळाल्यामुळे सगळी घरं शाकारून झाली. पावसाळ्यात महिन्याला दोन फेऱ्या, 500 रुपये. कोणी कुरकुरलं नाही.

16 जुलै 2023

पाच दिवस सूर्य नाही. डोंबिवलीच्या घरात मेन स्विच चालू करून दिवा लावायला गेले तर ट्रिप. पुन्हा वर केला, पुन्हा ट्रिप. न्हाणीघराच्या भिंतीत ओल उतरली होती आणि गिझरचा पॉइंट तिथेच. ती एक लाईन बंद केली तर बाकी घर सुरळीत. इथून पुढे प्रत्येक घराचा नियम: मालक गेले की मेन बंद, फ्रिजचा दरवाजा फटीएवढा उघडा, गॅसचा रेग्युलेटर सुटा. फ्रिज बंद करून दार लावून गेलेल्यांच्या घरी परत आल्यावर काय वास येतो ते इथे लिहीत नाही.

बाकीच्या घरांत काही नव्हतं. कोरडी जमीन, कोरडा माळा, बंद खिडक्या. असे फोटो पाठवायची मला लाज वाटत होती, म्हणजे पैसे घेऊन दाखवायचं तर काय, रिकामी खोली? तर विरारवाल्या दादांचा फोन. "वहिनी, काहीच नाही ना? अहो इथे टीव्हीवर कोकणात मुसळधार म्हणून सारखं दाखवतायत. आईला झोप नाही. आता तिला फोटो दाखवला, गप जेवायला बसली."

तेव्हा पक्कं झालं. काम निघालं तर त्याचे वेगळे पैसे मिळतातच, पण महिन्याचे पैसे "काही झालं नाही" या खबरेचे आहेत. आणि ती खबर ठरल्या तारखेला गेली पाहिजे. पाऊस थांबल्यावर जाऊ म्हटलं की धंदा मोडला, कारण लोकांना काळजी पाऊस पडत असतानाच असते. 1 आणि 16, या दोन तारखा हलवायच्या नाहीत. घरं वाढली की दोन दिवस लागतील, पण सुरुवात त्याच तारखेला.

9 सप्टेंबर 2023

गणपती 19 तारखेला. कोकणी माणूस कर्ज काढील पण गणपतीला घरी येईल, तेव्हा वर्षाचं खरं काम हेच. घर झाडून-पुसून, पाट-समया घासून, अंगण सारवून द्यायचं. सिलिंडर, वाणसामान, दूध कोणाकडून, भटजी कधी येणार हे सगळे फोन आपोआप माझ्याकडे येऊ लागलेत. सगळ्यांचे दर लिहून ठेवले. सारवणाला शेण मिळणं हीच मोठी अडचण, वाडीत गुरं उरलीत कुठे? आता शेणाचेही पैसे.

विहिरींना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातली. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने एकदा नीट शिकवलं होतं, ते लिहून ठेवते कारण दरवर्षी कोणीतरी मूठभर पावडर वरून भिरकावून मोकळं होतं. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, मीटरमध्ये, त्याला 785 ने गुणायचं. एवढे लिटर पाणी. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी असेल तर साधारण 14,000 लिटर. ताजी पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 35 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली भरून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडून हिंदकळायची. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही. तासभर पाणी वापरायचं नाही. आणि उघडं राहिलेलं पाकीट वापरायचं नाही, त्यातला क्लोरीन उडून जातो.

25 नोव्हेंबर 2023

बचत गटातून 15,000 कर्ज घेतलं, महिना 1 टक्का व्याज. ग्रास कटर आणला. मशीन 11,500 ला, बाकीचे पैसे जाड चष्मा, गमबूट आणि सुटी पाती यांत गेले. टू-स्ट्रोक आहे, 1 लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल मोजून. अंदाजाने घातलं तर इंजिन बसतं असं दुकानातल्या मुलाने बजावलंय.

दिवाळीनंतर गवत वाळतं आणि मग मेपर्यंत वणव्याची धास्ती. सड्यावर कोणीतरी विडी टाकतो, आणि खालच्या काजूच्या बागा जातात, गोठे जातात. बंद घराभोवती गवत वाढलेलं असेल तर आग थेट वळचणीपर्यंत येते. म्हणून भोवती 15 फूट पट्टा स्वच्छ करायचा, कापलेलं गवत भिंतीपासून लांब न्यायचं. एका घराचे 800 ते 1500, आवार बघून. माझ्या गिऱ्हाइकांचं आठवड्यात झालं, मग बाहेरचे लोक विचारायला लागले. फेरीपेक्षा यात पैसे पटकन सुटतात. ह्यांना रिक्षाचे गिऱ्हाईक नसेल तेव्हा मशीन ते चालवतात.

14 जानेवारी 2024

एक घर परत केलं. चांगलं चौसोपी, बोरिवलीच्या भावाने किल्ली दिली होती. काल दार उघडलं तर दुसऱ्या वाडीतून त्यांचा चुलतभाऊ तणतणत आला, "कोणाला विचारून शिरलीस? या घरात माझाही वाटा आहे." फोनवर बोरिवलीवाले म्हणाले, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पण तो इथे राहतो, मी इथे राहते, लक्ष कसं देऊ नको?

कोकणात घर एक आणि सातबाऱ्यावर नावं सतरा. मला त्यांच्या भांडणात न्यायनिवाडा करायचा नाही. आता पद्धत अशी: किल्ली घेताना घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे ते बघायचं, आणि घर सामाईक असेल तर गावात राहणाऱ्या भाऊबंदाला मालकांनी माझ्यासमोर फोन करून सांगायचं. आंबे-फणसांना मी हात लावणार नाही, मालकांनी "तुम्हीच खा" म्हटलं तरीही. एका फणसावरून बोलणं ऐकायची ही किंमत परवडत नाही. हे वाचायला विनोदी वाटेल, पण इथे धंदे याच्यावरून बुडतात.

10 मे 2024

या साली गणपती 7 सप्टेंबरला. कोकण रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडतं, त्यामुळे परवा-तेरवापासून सगळे मोबाईल घेऊन सकाळी 8 ला बसलेत. ज्याला तिकीट मिळालं तो त्याच दिवशी मला कळवतो, आम्ही 5 तारखेला येतोय. म्हणजे मेमध्येच मला सप्टेंबरचं वेळापत्रक मिळतं. चिपळूणहून आणायला कोणाला गाडी लागेल तेही. ह्यांनी दुसरे दोन रिक्षावाले बोलून ठेवले.

घरं 17. आता एकटीने होत नाही. धाकटी जाऊ येते बरोबर. तिला फेरीमागे पैसे देते, घरातली म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं. सासूबाईंना ते विचित्र वाटलं. "घरच्या घरात कसले पैसे?" जावेला मात्र विचित्र वाटलं नाही.

12 सप्टेंबर 2024

गौरी-गणपती विसर्जन झालं. अंगात ताकद नाही. हिशेब उद्या.

3 नोव्हेंबर 2024

रेल्वेने 1 तारखेपासून आगाऊ आरक्षण 60 दिवसांवर आणलं. लोक आपापल्या परीने कुरकुरतायत, माझी कुरकुर वेगळी. पुढच्या साली गणपती 27 ऑगस्टला आहे, म्हणजे कोण कधी येणार ते मला जूनअखेरीपर्यंत कळणार नाही. तोवर शाकारणी, गवत, पावसाच्या फेऱ्या यांतच गुंतलेली असेन. उपाय एकच, तिकिटाची वाट न बघता मेमध्येच सगळ्यांना विचारून अंदाज घ्यायचा.

20 फेब्रुवारी 2025

उद्यम नोंदणी केली. बाजारात एकाने 1500 सांगितले होते. ही नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते, आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. सड्यावर बसून जावेच्या मुलाने अर्ध्या तासात केली. जीएसटीचंही विचारून घेतलं: सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. आमचे 20 लाख व्हायला अजून बरेच पावसाळे जायचेत.

बँकेत वेगळं खातं. आतापर्यंत घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात होता आणि महिनाअखेर कोणते पैसे कोणाचे हे देवालाच ठाऊक.

17 मे 2025

शाकारणीची यादी 26 घरांची. 13 झाली. आबा आता चढत नाहीत, खाली खुर्चीत बसून टिचकीचा आवाज ऐकतात आणि पुतण्याला ओरडतात. हवा विचित्र आहे, रोज संध्याकाळी ढग. नेहमीचा हिशेब मे संपेपर्यंतचा, पाऊस 7 जूनच्या पुढेमागे. पण वळिवाची लक्षणं बघून क्रम बदलला: आधी ज्या घरांत माणसं राहायला येणार ती घ्यायची होती, त्याऐवजी आता आधी ज्यांची कौलं उतरवून झालीत ती.

22 मे 2025

कालपासून पाऊस. वळीव नव्हे, धरून लागलेला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणतात. काम बंद. दोन घरांवर कौलं अर्धी उतरवलेली. तिथे ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना टाकली, वासे आणि ताडपत्री सुंभाने आवळून बांधली. खिळे मारायचे नाहीत, वाऱ्याने ताडपत्री खिळ्यापाशी फाटते आणि मग पुरी जाते. वाऱ्याच्या बाजूला दोरी दुहेरी.

24 मे 2025

आज तो पट्टा रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आला. दुपारी वारा असा की माड आडवे दिसत होते. लाईट सकाळीच गेली, मागोमाग फोनची रेंज. 34 घरं आणि एकालाही खबर देता येत नाही.

सकाळी 7 ला मी आणि जाऊ निघालो. सगळी घरं होणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून आधी तीन गट केले. न शाकारलेली आणि माडाखालची, ती पहिली. शाकारलेली पण माडाखालची, ती दुसरी. स्लॅबची शेवटी, त्यांना फक्त गच्चीची भोकं मोकळी आहेत ना एवढं बघायचं. पहिल्या गटात 9 घरं होती. कल्याणवाल्यांच्या घरावर झावळी पडून सहा-सात कौलं गेली, पाणी सरळ देवघरावर. देव उचलून माजघरात आणले, खाली पातेली लावली, कपाटावर प्लॅस्टिक. छपरावर त्या वाऱ्यात कोणालाच चढवलं नाही. पुतण्या म्हणाला, मी चढतो. मी म्हटलं, कौल 40 रुपयांचं आहे, तू नाहीस. आतून माळ्यावर उभं राहून वाशांमध्ये ताडपत्रीची झोळी बांधली आणि पाणी एका कोपऱ्यात घेऊन पन्हळीच्या तुकड्याने खिडकीबाहेर काढलं. ही युक्ती आबांची. रात्रभर टिकली.

अंधार पडेपर्यंत दोन गट झाले. प्रत्येक घराचे फोटो वेळेसकट काढून ठेवले, जाणार कधी ते माहीत नव्हतं.

26 मे 2025

काल दुपारी शृंगारतळीच्या अलीकडे रेंज मिळाली. ह्यांच्या रिक्षात बसून सगळे फोटो सोडले. मिस कॉलचा ढीग. आधी ज्यांचं नुकसान झालंय त्यांना फोन, मग बाकीच्यांना एकच ओळ, "तुमचं घर ठीक, फोटो पाठवलाय." कल्याणच्या काकी रडल्या, देवघराचं ऐकून. नंतर विचारलं, खर्च किती? सांगितलं, उघडीप मिळाली की.

वेधशाळेने काल मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं, आज मुंबईत पोचला. मे महिन्यात मान्सून! आबा म्हणतात, त्यांनी असं बघितलेलं नाही. 13 घरं शाकारायची राहिली ती राहिलीच. आता फक्त उघडिपीत डागडुजी, खोबण्या आतून जितक्या पोचतील तितक्या साफ.

एका गिऱ्हाइकाने फोनवर आवाज चढवला, "आमचं घर यादीत शेवटी का?" त्यांना सांगितलं की यादी होळीला लावली होती आणि तुमचा होकार 9 मेला आला. नोंद दाखवली. ते गप्प बसले, पण सोडून जातील असं वाटतं. जाऊ देत.

पुढच्या सालापासून शाकारणी मार्चअखेर सुरू. शिमगा आटोपला की लगेच. उन्हात चढायला मजूर कुरकुरतील, पहाटे लवकर सुरू करता येत नाही कारण दव. सकाळी 9 ते 12 आणि मग 4 ते 6, असं बसवून बघू.

28 जून 2025

गणपतीची तिकिटं या आठवड्यात उघडली. मेमध्ये घेतलेला अंदाज आणि आताचं खरं यांत फार फरक नाही. दोन कुटुंबं येत नाहीत, एक नवीन येतंय. सोडून जाणारे अजून गेलेले नाहीत. उलट वादळानंतर शेजारच्या दोन वाड्यांतून किल्ल्या आल्या. त्यांना त्या दिवसांत कोणाचाच फोन गेला नव्हता म्हणे.

9 सप्टेंबर 2025

अनंत चतुर्दशीची मंडळीही गेली. दीड दिवसाच्या गणपतीपासून आज हिशेबाला बसायला फुरसत.

घरं 41. कोरड्या महिन्यांत 600, पावसाळ्यात 1000. या पैशात आमच्या तिघींचा (मी, जाऊ आणि आता तिची मामेबहीण) फेऱ्यांचा मेहनताना आणि पेट्रोल निघतं, वर फार उरत नाही. उरतं ते शाकारणी, गवत, गणपतीची तयारी आणि देखरेखीच्या 10 टक्क्यांत. म्हणजे सरळ बघितलं तर फेरी ना नफा ना तोटा. पुतण्या हुशार आहे, म्हणाला, मग फेरी बंद करून नुसती कामंच घ्या की. पण कामं फेरीतून निघतात. आणि माणूस कौलं बदलायला मला सांगतो ते मी गेल्या महिन्यात त्याला "काही नाही" असा फोटो पाठवला होता म्हणून.

बचत गटाचं कर्ज फिटलं. नवीन घ्यायचं आहे, लांब शिडीसाठी. लोखंडी नको, जड होते आणि गंजते. ॲल्युमिनियमची बघितली, पण विजेच्या तारा घरांच्या अगदी जवळून जातात, तिचा धोका. फायबरची महाग आहे, चिपळूणला भाव काढला, 14,000 च्या आसपास. तीच घेईन.

पलीकडच्या खाडीकाठच्या गावातून एका ताईंचा फोन होता, तिकडेही असंच सुरू करायचंय, कसं करू. त्यांना म्हटलं, 16 तारखेला या, फेरीला बरोबर चला. छत्री आणा, गमबूट असतील तर उत्तम. आणि सकाळी साडेसातला या, आठला आम्ही निघून गेलेल्या असतो.